घोडबंदर रोडवरची एमएस ओपीडी: औषध निवडताना उत्तम, औषध सुरू झाल्यावर ढिली

ठाण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार फक्त मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस: यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते) आणि त्याच्या जवळपासच्या आजारांसाठी राखून ठेवलेली असते. न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला, एमआरआय, इन्फ्यूजनसाठी (शिरेतून औषध देण्यासाठी) डे-केअर, फिजिओथेरपी असं सगळं एकाच इमारतीत आहे. घोडबंदर पट्ट्यातून तर पेशंट येतातच, शिवाय ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळकडूनही येतात. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या बऱ्याच उणिवा ठाणे-नवी मुंबईतल्या इतर ओपीडींमध्येही आहेत. वाचताना तुमच्या नेहमीच्या ओपीडीशी ताडून बघा.

ही ओपीडी मुख्यतः तिथल्या पहिल्या भेटीसाठी नावाजली जाते, आणि ते योग्यच आहे. नव्या पेशंटला पाऊण तास मिळतो. डॉक्टर आधी जुन्या एमआरआयची सीडी मागतात. फिल्मवर भागवत नाहीत. सीडी कॉम्प्युटरवर लावून स्क्रीन पेशंटकडे वळवतात आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचे पांढरे ठिपके एकेक करून दाखवतात. असा प्रत्येक ठिपका एमएसचाच असतो असं नाही, अर्धशिशीने, बीपीने, नुसत्या वयानेही ठिपके येतात, हेही तेव्हाच सांगतात. हे ऐकल्यावर रिपोर्टमधल्या 'मल्टिपल लेजन्स' या शब्दांची धास्ती बरीच कमी होते.

निदानाची घाई नाही, हा दुसरा मोठा गुण. दोन्ही डोळ्यांची नजर एकदम गेली असेल किंवा मज्जारज्जूवरचा डाग तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असेल, तर एक्यूपी-४ आणि मॉग या अँटिबॉडीज (एमएससारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या रक्तातल्या खुणा) तपासल्याशिवाय 'एमएस' हा शब्द केसपेपरवर येत नाही. तपासणी सेल-बेस्ड (पेशी वापरून करायच्या) पद्धतीनेच करून आणा, असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. हा आग्रह रास्त आहे. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूचा आजार वरवर एमएससारखाच दिसतो, पण एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब, त्याला आणखी भडकवू शकतात. कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची वेळ आली तर त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही जोडीने पाठवतात. ऑलिगोक्लोनल बँडची (त्या पाण्यात दिसणाऱ्या खास प्रथिनांच्या पट्ट्यांची) तपासणी दोन्ही नमुने शेजारी ठेवूनच वाचता येते. नुसतं पाणी पाठवलं तर रिपोर्ट जवळपास निरुपयोगी ठरतो आणि सुई पुन्हा टोचून घ्यावी लागते. एमएसच्या निदानासाठीच्या २०१७च्या मॅकडॉनल्ड निकषांनुसार हे बँड सापडले की पहिल्याच अटॅकनंतरही, म्हणजे आजार पहिल्यांदा उसळल्यावरही, कित्येकदा निदान पक्कं करता येतं. तेव्हा त्या एका नळीला किंमत आहे.

बोलणं मराठीत होतं, आणि साध्या मराठीत. समजावून झालं की डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "ताई, आता हे घरी सासूबाईंना कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा." पेशंट जिथे अडखळते तिथून पुन्हा सुरुवात होते. 'समजलं का?' विचारलं की आपल्याकडे नव्वद टक्के माणसं मान डोलावतात. पांढऱ्या कोटासमोर 'नाही' म्हणायची आपल्याला सवयच नाही. त्यामुळे परत सांगायला लावणं हीच खरी चाचणी. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे, दहा मिनिटं नातेवाइकांना बाहेर बसवतात. लघवीवर ताबा, बद्धकोष्ठता, लैंगिक अडचण, मूल कधी हवंय, मन उदास असतं का, हे प्रश्न नवऱ्यासमोर किंवा वडिलांसमोर विचारले तर उत्तर एकच येतं: 'सगळं ठीक आहे.'

मग औषधाची निवड. इथे ही ओपीडी आसपासच्या बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. पेशंटच्या हातात एक पान देतात. त्यावर त्याला लागू पडतील अशी तीन किंवा चार औषधं असतात, आणि प्रत्येकासमोर पाच गोष्टी: अटॅक किती कमी होतात, कसं आणि किती दिवसांनी घ्यायचं, आधी कुठल्या तपासण्या, सुरू झाल्यावर कुठल्या तपासण्या, आणि थांबवायचं झालं तर काय होतं. हा शेवटचा रकाना दुसरीकडे क्वचितच दिसतो, आणि खरं तर तोच सगळ्यात उपयोगाचा. कुठलंही औषध घेताना आपण त्याच्यासोबत एक जबाबदारी घेत असतो. ती आधी कळली तर निवड पेशंटची होते. नाहीतर तिला निवड म्हणण्यात काही अर्थ नाही.

आकडे सांगण्याची पद्धतही चांगली आहे. 'अटॅक ८० टक्क्यांनी कमी होतात' असं इथे म्हणत नाहीत, शंभर माणसं धरून बोलतात. रिटुक्सिमॅब (शिरेतून देतात) आणि डायमिथाइल फ्युमरेट (गोळी) यांची थेट तुलना स्वीडनमध्ये झाली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २०० पेशंट होते. दोन वर्षांत अटॅक आला तो रिटुक्सिमॅबवर शंभरातल्या सुमारे ३ जणांना, डायमिथाइल फ्युमरेटवर शंभरातल्या सुमारे १६ जणांना. 'पाचपट फरक' असं ऐकलं की गोळीवाला घाबरतो. पण गोळीवरच्या शंभरातल्या ८४ जणांनाही त्या दोन वर्षांत अटॅक आला नाही, हे त्याच आकड्यांत आहे. दोन्ही बाजू ऐकून काही जण इन्फ्यूजन निवडतात, काही गोळी. डॉक्टर स्वतःचं मत शेवटी देतात आणि ते 'माझं मत' म्हणूनच देतात.

रिटुक्सिमॅबबद्दल एक गोष्ट ते आपणहून सांगतात, तिची दाद द्यायला हवी: हे औषध मुळात कॅन्सरसाठी आणि संधिवातासाठी आलं, आणि एमएससाठी त्याचा वापर अधिकृत लेबलबाहेरचा, म्हणजे मंजुरीत न लिहिलेल्या आजारासाठीचा, आहे. तरीही जगभर वापरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी ग्लॅटिरॅमर आणि क्लॅड्रिबिनसोबत त्याचाही समावेश केला. भारतीय बायोसिमिलरमुळे (मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या स्वस्त आवृत्तीमुळे) ते त्याच गटातल्या ओक्रेलिझुमॅबपेक्षा कैक पटींनी स्वस्त पडतं. पैशाचा विषय डॉक्टर टाळत नाहीत, 'दोन वर्षं नाही, दहा वर्षं परवडेल का ते बघा' असं सरळ सांगतात. मध्यमवर्गीय घराला हाच प्रश्न सगळ्यात आधी पडतो आणि विचारायची लाज वाटते. तेव्हा तो डॉक्टरांनीच काढलेला बरा.

गोळ्यांच्या बाबतीत पानावरची माहिती नेमकी आहे. डायमिथाइल फ्युमरेट पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग २४० दोनदा, आणि ते भरल्या पोटी. रिकाम्या पोटी घेतलं की चेहरा तापून लाल होतो, पोटात मुरडा येतो आणि पेशंट दुसऱ्याच आठवड्यात गोळी सोडतो. रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दर सहा महिन्यांनी मोजायच्या. त्या सहा महिन्यांहून जास्त काळ दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली राहिल्या तर औषध बदलण्याचा विचार करायचा. टेरिफ्लुनोमाइड या दुसऱ्या गोळीसाठी पहिले सहा महिने दर महिन्याला लिव्हरची तपासणी. मूल हवं असेल तर हे औषध नुसतं बंद करून चालत नाही, कारण ते शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. कोलेस्टिरामाइन ८ ग्रॅम दिवसातून तीनदा असं ११ दिवस घेऊन ते धुऊन काढावं लागतं आणि मग रक्तातली पातळी बघावी लागते.

फिंगोलिमॉडचा पहिला डोस इथे नियमाप्रमाणे रुग्णालयातच देतात: आधी ईसीजी, मग सहा तास दर तासाला नाडी आणि बीपी, शेवटी पुन्हा ईसीजी. कांजिण्यांची अँटिबॉडी आधी बघतात आणि तीन-चार महिन्यांनी डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवतात. एवढं सगळं नीट करूनही एक गोष्ट मात्र तोंडी सांगायची राहून जाते, ती पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. पहिल्या महिन्यानंतर सलग १४ दिवसांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा पहिल्या डोससारखं सहा तास देखरेखीखाली बसावं लागतं. शिवाय हे औषध अचानक बंद केलं तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. गणपतीला कोकणात गेलेल्या माणसाची गोळी संपते, तिकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि परतल्यावर तो आपला आपण गोळी पुन्हा सुरू करतो. इतक्या नेहमीच्या प्रसंगासाठी एक वाक्य मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे?

गर्भधारणेचा विषय पहिल्याच भेटीत निघतो, लग्न न झालेल्या मुलींशीही. एमएस जास्त करून तरुण बायकांनाच होतो, तेव्हा हे वावगं नाही. फिंगोलिमॉड दोन महिने आधी थांबवायचं, क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या गोळीनंतर सहा महिने थांबायचं, इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरॅमर त्या मानाने सुरक्षित, हे सगळं पानावर आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, हे १९९८च्या युरोपीय अभ्यासापासून माहीत आहे. ते आधी समजलं की घरचे बाळंतिणीच्या मदतीची सोय वेळेत करतात. 'एमएस आहे म्हणजे मूल नको' हे आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. इथे ते थेट खोडून काढतात.

आता डे-केअर. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या इन्फ्यूजनसाठी सकाळी लवकर बोलावतात. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, अँटिहिस्टॅमिन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम. बीपीची गोळी चालू असेल तर आधीचे बारा तास ती घ्यायची की नाही हे विचारून ठेवा, कारण ड्रिप चालू असताना बीपी खाली येतं. १,००० मिलिग्रॅम औषध ५०० मिलिलिटरमध्ये असेल तर सुरुवात ताशी ५० मिलिग्रॅमने, म्हणजे पंपावर २५ (ताशी मिलिलिटर) हा आकडा दिसला पाहिजे. पंपावरचा हा आकडा दर अर्ध्या तासाला २५ ने वाढवत जास्तीत जास्त २००. काही त्रास झाला नाही तर सव्वाचार तास लागतात, त्यामुळे 'तीन तासांत सोडतो' असं कुणी म्हटलं तर कुठेतरी वेग वाढवलेला आहे असं समजा. घशात खाज, अंगावर गांधी, थंडी वाजणं यातलं काहीही जाणवलं की लगेच सिस्टरना सांगायचं. ड्रिप थांबवतात, त्रास शमला की निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करतात. पुढच्या वेळेपासून हा त्रास सहसा कमी होतो. इथल्या सिस्टर पंपाचा प्रत्येक बदल वेळेसह चार्टवर लिहितात आणि विचारलं तर चार्ट दाखवतात. डे-केअरला आम्ही पूर्ण गुण देतो.

त्याआधीच्या तपासण्यांच्या फॉर्मवर मात्र एक उणीव आहे आणि ती किरकोळ नाही. छापील फॉर्मवर हिपॅटायटिस बीसाठी फक्त एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी तपासणी) आहे. रिटुक्सिमॅब किंवा ओक्रेलिझुमॅब द्यायचं असेल तर टोटल अँटी-एचबीसीही (जुना संसर्गही दाखवणारी तपासणी) हवीच. जुना संसर्ग लिव्हरमध्ये दबून असतो, एचबीएसएजी निगेटिव्ह येते, आणि बी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) संपवणाऱ्या अशा औषधाने तो पुन्हा डोकं वर काढतो. डॉक्टर बहुतेकदा ही तपासणी हाताने लिहून देतात, पण घाईच्या दिवशी ती राहते. तुमच्या फॉर्मवर नसेल तर मागून घ्या. सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, छातीचा एक्स-रे, टीबीची इग्रा ही रक्ततपासणी आणि इम्युनोग्लोब्युलिन जी (संसर्गाशी लढणारी रक्तातली प्रथिनं). न्यूमोनियाची वगैरे लस औषधाच्या आधी, शक्यतो चार आठवडे, कारण नंतर दिलेली लस नीट लागू पडत नाही.

खरी तक्रार फॉलो-अपची. पहिल्या भेटीत पाऊण तास देणारी ओपीडी पुढच्या भेटींना आठ-दहा मिनिटांत आटोपते. तेही बऱ्याचदा बदलून येणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरांकडून, ज्यांनी फाइल तेव्हाच उघडलेली असते. पहिल्या दिवशी २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर चालण्याचा वेळ आणि फळीत नऊ खुंट्या बसवून काढायला हाताला लागणारा वेळ नोंदवतात. नंतर ते मोजमाप कुणी पुन्हा करत नाही. मग पहिल्या नोंदीचा उपयोग काय? चालण्याचा वेळ २० टक्क्यांनी वाढला तर तो बदल खरा धरतात. अटॅक न येताही आजार हळूहळू सरकत असेल तर तो पकडायचा हाच स्वस्त मार्ग. स्मरणशक्ती आणि विचाराचा वेग तर तपासतच नाहीत. आयटीत काम करणाऱ्या ऐरोली-महापेच्या पेशंटना पायांआधी नेमकं तेच जाणवतं: मीटिंगमधलं बोलणं पकडता येत नाही, आणि बॉसला वाटतं लक्ष नाही. पाच मिनिटांची चाचणी आहे, ठेवायला हवी.

एमआरआयचंही तसंच. औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी नवा पायाभूत एमआरआय काढायचा, म्हणजे औषधाचा परिणाम सुरू होण्याआधीचे डाग त्याच्या माथी मारले जात नाहीत. हे इथे सांगतात. पण त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने काढा हे सांगत नाहीत. स्वस्त मिळतंय म्हणून कुणी दुसऱ्या सेंटरला जातं, तिथे पाच मिलिमीटर जाडीचे काप घेतात, आणि दोन रिपोर्टची तुलनाच होत नाही. रेडिओलॉजिस्टला जुनी सीडी द्या आणि 'अमुक तारखेच्या तुलनेत नवे टी-टू डाग (एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रातले पांढरे डाग) किती' हे रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. दर वेळी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागतंच असं नाही, हेही विचारा.

सर्वात मोठा खड्डा दोन भेटींच्या मधे आहे. फोन अपॉइंटमेंटच्या काउंटरला लागतो आणि तिथून 'पुढच्या बुधवारी या' एवढंच उत्तर मिळतं. अटॅक म्हणजे काय, तर ताप किंवा संसर्ग नसताना नवीन किंवा वाढलेला त्रास जो २४ तासांहून जास्त टिकतो. मे महिन्याच्या दुपारी ठाणे स्टेशनच्या पुलावर पाय लटपटले, नजर धुरकट झाली आणि एसीत बसल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं, तर तो अटॅक नव्हे. उष्णतेने जुन्या जखमी नसांतून संदेश नीट जात नाही, एवढंच. लघवीच्या संसर्गानेही हुबेहूब असंच होतं. हे फोनवर सांगायला कुणी नसलं की पेशंट रात्री जवळच्या कॅज्युअल्टीत जातो. तिथे 'एमएस आहे' ऐकताच मिथाइलप्रेडनिसोलोनचे एक-एक ग्रॅमचे पाच दिवस सुरू होतात, आणि लघवी तपासायची राहून जाते. संसर्ग आत तसाच, वर स्टिरॉइड, साखर वाढलेली, झोप उडालेली. प्रशिक्षित एमएस नर्सकडे एक मोबाइल दिला तर यातलं बरंचसं टळेल. तोवर घरी थर्मामीटर ठेवा, आणि नवीन त्रास वाटला की आधी ताप बघा आणि लघवीची तपासणी करून घ्या. मात्र नजर जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं किंवा लघवी पूर्ण अडणं यात वाट बघू नका.

इन्शुरन्सचा डेस्क समाधानकारक आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (रिटुक्सिमॅब याच गटातलं) इंजेक्शन विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, पण पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा असू शकते. ती आधी वाचून घ्या. लेबलबाहेरच्या वापरावरून टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) अडवतो, तेव्हा निदानाची तारीख, ईडीएसएस (एमएसमुळे आलेल्या अपंगत्वाचे गुण), एमआरआयमधले बदल आणि हेच औषध का, असं पत्र डॉक्टर लगेच देतात. दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर बऱ्याच सवलती लागू होतात. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरता येतो.

जागेबद्दल थोडंसं. रॅम्प आहे, लिफ्ट मोठी आहे, वेटिंगमध्ये एसी चांगला आहे. पण टॉयलेट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आणि त्याचं दार जड. ज्या आजारात लघवीची घाई होते, त्याच्या ओपीडीत हे चालणार नाही. वेळ दुपारी चारची असल्याने नवी मुंबईकरांना ट्रान्स-हार्बरने येऊन ठाण्याहून पुढे उन्हात घोडबंदरची कोंडी सोसावी लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळची वेळ मागा, फॉलो-अपला कधीकधी देतात.

नवीन निदान झालेल्यांनी किंवा औषध बदलायचं की नाही या पेचात असलेल्यांनी इथे एकदा जरूर जावं, सेकंड ओपिनियनसाठी तर नक्कीच. जाताना सगळ्या एमआरआयच्या सीडी, आधीच्या औषधांच्या सुरू-बंद तारखा आणि प्रत्येक अटॅकचा महिना एका कागदावर नेला तर पाऊण तास सत्कारणी लागतो. ज्यांचं औषध ठरलेलं आहे आणि फक्त नियमित देखरेख हवी आहे, त्यांनी घराजवळचा, फोन उचलणारा न्यूरॉलॉजिस्ट बघावा आणि इथे वर्षातून एकदा यावं. पहिल्या भेटीत उठण्याआधी डॉक्टरांकडून त्या पानाच्या मागे एक ओळ लिहून घ्या: रविवारी संध्याकाळी नवीन त्रास सुरू झाला, तर फोन नेमका कुणाला करायचा.